शके 1840 चा कार्तिक

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. पणजोबा वारले कार्तिक शुद्ध, शके 1840. आजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1913. तारखा हाती लागल्या म्हणजे घराण्याच्या इतिहासाचं काम संपलं असं तुला वाटतंय. खरं काम आता कुठं सुरू होतंय.

आधी सन लाव. शकात 78 मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण माघ-फाल्गुनाला 79 लागतात आणि पौषाला पंचांगच बघावं लागतं. तुझा कार्तिक सरळ आहे: नोव्हेंबर 1918.

म्हणजे मानमोडीचं साल. कागदोपत्री इन्फ्लुएंझा. त्या पावसाळ्यात पावसानं दगा दिला आणि सप्टेंबरपासून या साथीनं मुंबई इलाखा झोडपून काढला. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या चक्क घटली. जनगणनेत तसं दशक तेवढं एकच. आता ‘पणजोबा मानमोडीत गेले’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. थांब जरा. साथीच्या सालातही माणसं साप चावून मरतात, विहिरीत पडून मरतात.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14 माग. ‘कोतवाल बुक’ म्हटलंस तरी कळेल. मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर ने. पणजोबांची ओळ सापडली की फोटो काढून परत फिरू नकोस, मागची-पुढची पानं चाळ. एरवी महिन्याला किती मृत्यू आणि त्या महिन्यात किती? वयं काय? ही साथ म्हातारी-कोतारी सोडून विशी-तिशीतली धडधाकट माणसंही उचलून न्यायची. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’ असेल, तर त्यावर भिस्त ठेवू नकोस. प्लेगपासून हिवतापापर्यंत सगळं त्यात मावतं. पण पानंच्या पानं भरलेली दिसली, तर ‘बहुधा’ लिहायचा हक्क तुला मिळाला. ‘बहुधा’ खोडायचा नाही.

1 जूनचं फार मनावर घेऊ नकोस. शाळा जूनला भरायच्या, गुरुजी अंदाजानं तारीख टाकायचे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. मला त्या दाखल्यात दुसरंच दिसतं. बाप गेलेलं शेतकऱ्याचं पोर शाळेत गेलंच कसं? शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. आजोबा तेव्हा चार वर्षांचे, म्हणजे शाळेच्या वयाचे झाले ते ही सक्ती आल्यावरच. म्हणून जन्मतारखेपेक्षा शाळेत दाखल झाल्याची तारीख जपून उतरव, ती बनावट असायचं काही कारण नाही.

आणि हो, त्या दिवशी गावावर राज्य कुणाचं होतं, हे प्रत्येक नोंदीपुढं लिहीत जा. तुझं गाव करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातलं. ते मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. पण तुझं आजोळ चंदगडकडं ना? तो तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कोल्हापुरात त्याचे जुने कागद शोधत बसशील तर चपला झिजतील. गावात वंशावळ सांगणारा हेळवी येत असेल तर त्यालाही विचार. पिढ्यांची नावं त्याच्या चोपडीत असतात. तारखांसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये.

एक राहिलं. तुझ्या कागदावर पणजीचं नावच नाही. नवरा गेला तेव्हा पोरगं पाच वर्षांचं, पुढं जमीन कुणी कसली, पोर कुणी वाढवलं? जमिनीची वारस नोंद शोध. वारस अज्ञान म्हणजे अल्पवयीन असला की पुढं ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असं लिहून पालनकर्त्याचं नाव घालतात. तिथं आई असेल किंवा चुलता असेल, आणि त्यावरून घरात पुढं काय घडलं याचा बराच उलगडा होईल. ते नाव मिळालं की मला कळव, मग तिच्या माहेरचं गाव बघू.

तुझा,
काका