तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणाची होणार हे देवाने आधीच ठरवले असेल, तर माझ्या विश्वासाला काय अर्थ? ख्रिस्ती धर्मातला हा जुना प्रश्न.
सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेत कोण तरणार याची निवड सर्वस्वी देवाची. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात तर जगाच्या स्थापनेपूर्वीच निवडल्याचे म्हटले आहे. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांचे म्हणणे असे, की देवाची कृपा आधी येते, पण माणूस ती नाकारू शकतो. १६१८-१९ च्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने ते फेटाळले. पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रणेता जॉन वेस्ली याने आर्मिनियससारखाच विचार उचलून धरला. मात्र माणूस स्वतःच्या बळावर तरतो, असे यांपैकी कोणीच म्हणत नाही. हे फार लोक विसरतात!

मला स्वतःला फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय जवळचा वाटतो. आपले तारण भीत व कापत साधून घ्या, असे त्या पत्राचा लेखक, प्रेषित पौल सांगतो आणि लगेच म्हणतो, की इच्छा व कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. म्हणजे तुमचा विश्वास खराच तुमचा आहे, आणि तरीही ते दान आहे.