वेरूळ ते अजिंठा: थोडं पायी, थोडं सायकलवर

प्रिय मित्रा,

तुझा बेत वाचला. छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा तीन दिवसांत, रोज सत्तर किलोमीटर. तुझ्या पायांना ते जमेलही, पण अशी घाई करू नकोस. ही वाट सातमाळा-अजिंठा रांगेच्या कडेकडेनं जाते. रांगेच्या अलीकडचं पाणी गोदावरीला मिळतं, पलीकडच्या कड्यांवरून कोसळणारं तापीला. ते कडे आणि खोरी पाहायची तर सायकल ठेवून चालावंच लागतं. म्हणून सहा दिवस काढ आणि त्यातला एक अख्खा दिवस पायी चालायला ठेव.

निघायचं गुरुवारी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे वार आधी धरायचा आणि तारीख नंतर. गुरुवारी दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळ गाठ, साधारण ३० किलोमीटर. शुक्रवारी सकाळी लेणी बघून कन्नड, जवळपास तेवढंच. शनिवार पितळखोऱ्याच्या लेण्यांचा, तोच पायी चालायचा दिवस. रविवारी पिशोरमार्गे सिल्लोड, ही सगळ्यात लांब मजल. सोमवारी अजिंठा गावावरून घाट उतरून फर्दापूर, मंगळवारी लेणी.

ऑक्टोबर सरता सरता ते जानेवारी हा काळ धर. त्याआधी पाऊस लांबला असेल तर पाणंदीत सायकल घालूच नकोस. ओली काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये आणि ब्रेकपाशी थापली जाते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. तेव्हा जोर लावून ढकललं तर ती आणखी घट्ट बसते. सायकल उचलून कडेच्या गवतावर घे, काडीनं माती खरवड, मगच पुढे. मुरमाचा रस्ता मात्र पावसानंतरही चालतो.

पंक्चर होणारच, हे धरून चल. बांधावर सराटे आणि रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे, दोन्ही वाईट. सराट्याची टोकं टायरमध्येच मोडून राहतात. ट्यूब बदलून हवा भरली आणि दोन किलोमीटरवर परत बसली, तर दोष ट्यूबचा नसतो, आत टोक राहिलेलं असतं. टायर पूर्ण उघड, आतून बोटं सावकाश फिरव, टोचलं की चिमट्यानं काढ. पॅच लावताना कानसपट्टीनं जागा खरखरीत कर, सोल्युशन पातळ लाव आणि ते सुकू दे. हात लावल्यावर चिकटत नाही इतकं सुकलं की मगच पॅच दाब. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो. दोन ट्यूब, आठ-दहा पॅच आणि पंप जवळ ठेव. खेड्यातल्या दुकानात साध्या सायकलच्या ट्यूब मिळतात, ७००-सीच्या (गिअरच्या सायकलींचं एक माप) मिळतीलच असं नाही. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

दौलताबादच्या जुन्या वेशीत रस्ता अरुंद आहे आणि दोन्हीकडून गाड्या घुसतात. तिथं उतर आणि चालत पार हो. पुढं खुलताबादचा चढ लागतो. गिअर चढाच्या आधीच हलका कर. चढावर जोर देताना बदललास तर चेन सुटते. सामान दहा किलोच्या आत ठेव आणि जड वस्तू खाली बांध, नाहीतर चढावर पुढचं चाक हलकं पडून हँडल डोलतं.

हिवाळ्यात आणखी एक धोका असतो. कन्नड-सिल्लोडकडं मका खूप. काही ठिकाणी लोक दाणे रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात. वळणावर त्यावर चाक गेलं की सायकल सरकते, आणि समोरून वाहन येत असेल तर सावरायला जागा नसते. आधीच वेग कमी कर, दाण्यांवर ब्रेक दाबू नकोस. उसाच्या गाड्यांना बऱ्याचदा मागं दिवा नसतो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोच.

पाण्याचा हिशेब किलोमीटरच्या आधी मांड. सायकलवर तीन लिटर, पायी दिवसाला चार. डिसेंबरनंतर बरेच ओढे कोरडे पडतात. गावात ‘अजून किती लांब’ विचारू नकोस, ‘पुढं हापसा कुठं आहे, चालू आहे का’ असं विचार. पहिल्याचं उत्तर माणसागणिक बदलतं, दुसऱ्याचं नेमकं मिळतं. लिंबू, मीठ, साखर जवळ असू दे. जेवणाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घे, हिवाळ्यात दोन दिवस टिकतात.

पितळखोरा गौताळा परिसरातल्या जंगलात आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून परवानगी घे, आणि सायकल शेवटच्या गावात ठेवून तिथला एखादा माणूस सोबत घे. साडेसहाला निघ. खोऱ्यातल्या पायऱ्या उतरताना सोपं वाटतं, चढताना दुप्पट वेळ लागतो, म्हणून दुपारी एकला परत फिरायचंच. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि इथं बिबट्या नि अस्वल दोन्ही आहेत. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नकोस. तोंड झाकून सरळ लांब जा. कुसळं विणलेल्या मोज्यांत घुसून आतआत सरकत जातात, तेव्हा पोटऱ्यांवर गुळगुळीत कापडाची पट्टी बांध.

सोमवारी लेणी बंद असली तरी लेणापूरच्या बाजूच्या व्ह्यू पॉइंटला जा. वाघूर नदीनं कोरलेलं नालाकृती खोरं एका नजरेत बघायला मिळतं. नंतर घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नकोस, रिम तापते. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. निघण्याआधी ब्रेकचं रबर तपास. खाचा बुजल्या असतील तर बदल. मंगळवारी सायकल फर्दापूरला ठेव. तिथल्या टी-जंक्शनवरून (लेण्यांच्या फाट्यावरून) पुढचे चार किलोमीटर बस नेते.

तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे ते बघून कळव. प्रेस्टा (बारीक, टोकाला छोटा नट असलेला) असेल तर गावातला पंप बसेलच असं नाही, अडॅप्टर मी पाठवतो.

तुझा,
काका