युरोपात प्रशिक्षक होऊ निघालेल्या आइस हॉकीपटूस पत्र

मिसिसॉगा, ऑन्टारिओ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. स्लोव्हाकियातील क्लबने १८ वर्षांखालील मुलांच्या संघासाठी सहायक प्रशिक्षक म्हणून तुला बोलावले आहे, ही बातमी तुझ्या आईकडून आधीच कळली होती. जावे की न जावे हा प्रश्न तू निकालात काढला आहेस आणि तिथे जाऊन नेमके काय शिकवायचे एवढेच विचारतो आहेस, हे मला आवडले. मात्र त्याच पत्रात तू लिहितोस, ‘कॅनडाची हॉकी शिकवावी, म्हणूनच तर ते मला नेत आहेत.’ हे वाक्य मला खटकले. पुढचे सगळे पत्र त्याविषयीच आहे असे समज.

क्रेग रॅमसे हे नाव तुझ्या पिढीला फारसे परिचित नसावे. ऑन्टारिओतील वेस्टन येथे १९५१ साली जन्मलेले रॅमसे १९७१ ते १९८५ या काळात केवळ बफेलो सेबर्ससाठी खेळले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक लीगमधील त्यांचे सामने १०७०, आणि त्यांपैकी ७७६ एकही सामना न चुकवता, सलग. तरीही त्यांची गणना संघातल्या झगमगत्या खेळाडूंमध्ये कधी झाली नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीला, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तिघा आघाडीपटूंना, जखडून ठेवणे आणि आपला गडी शिक्षा भोगत बाकावर बसला असताना चौघांनी पाचांना थोपवणे, ही त्यांची कामे होती. १९८५ मध्ये, म्हणजे कारकिर्दीच्या अखेरच्या हंगामात, बचावात सर्वोत्तम ठरलेल्या आघाडीपटूला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्यांना मिळाली. अशा खेळाडूचा सगळा जन्म समोरचा काय करू पाहतो आहे आणि आपला सहकारी कोणती जागा मोकळी सोडतो आहे, हे न्याहाळण्यात जातो. त्यांच्यातल्या प्रशिक्षकाचे मूळ मला याच सवयीत दिसते. भरपूर गोल करणाऱ्याला, आपण तो गोल कसा केला, हे पुष्कळदा सांगता येत नाही; रॅमसेंसारख्याला मात्र दुसऱ्याने तो कसा केला असता, हेही सांगता येते. तू स्वतः तिसऱ्या फळीत खेळलास, याचे तुला वाईट वाटत आले आहे. या कामासाठी ती उणीव मुळीच नाही.

खेळणे थांबल्यावर त्यांची पुढची कित्येक वर्षे मुख्यतः सहायक म्हणून गेली. २००४ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंगने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला, तेव्हा ते मुख्य प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला यांच्या हाताखाली होते. २०१०-११ मध्ये अटलांटा थ्रॅशर्सचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. पण त्या हंगामानंतर तो संघच उठून विनिपेगला गेला आणि त्यांचे पदही गेले. २०१७ मध्ये, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्यांनी स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतली.

त्या वेळी हा संघ कोणत्या अवस्थेत होता, हे तू तिथे पाय ठेवण्यापूर्वी समजून घे, कारण तुझ्या हाताखालची मुले त्याच काळात स्केट बांधायला शिकली. सुमारे ५४ लाख लोकवस्तीचा हा देश २००२ मध्ये विश्वविजेता झाला होता. शातान, हारा, होसा, गाबोरिक या पिढीने घराघरात हॉकी नेली. ती पिढी थकली आणि तिच्या मागे तेवढ्या ताकदीचे कोणी उभे राहिले नाही. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत स्लोव्हाकिया चौदाव्या स्थानावर घसरला. अशा देशात परदेशी प्रशिक्षक आला की त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात: त्याने गेलेले वैभव ताबडतोब परत आणावे, आणि ते नाही आले तर दोष स्वतःच्या शिरावर घ्यावा.

रॅमसेंना यश लगेच मिळाले नाही. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने पहिल्याच सामन्यात रशियन खेळाडूंच्या संघाला ३-२ असे हरवले आणि तरी स्पर्धेअखेर अकरावा क्रमांक आला. २०१९ ची जागतिक स्पर्धा ब्रातिस्लाव्हा आणि कोशित्से येथे, म्हणजे घरच्याच प्रेक्षकांसमोर झाली. तिथेही उपांत्यपूर्व फेरी हुकली. संघटनेने त्यांना काढले नाही, हे विशेष. क्लबमध्ये इतका धीर कोणी धरत नाही, त्याविषयी पुढे लिहितो.

आता बीजिंगकडे ये. २०२२ च्या ऑलिंपिकला एनएचएलने आपले खेळाडू पाठवले नव्हते, तेव्हा प्रत्येक देशाला उरलेल्यांतून संघ बांधायचा होता. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक तिशी ओलांडलेल्या, अनेक देशांत खेळून आलेल्या माणसांवर भिस्त ठेवतात. तेही संघात होतेच. पण त्यांच्या जोडीला रॅमसेंनी १७ वर्षांचा युराई स्लाफकोव्स्की आणि स्पर्धा चालू असतानाच १८ वर्षांचा झालेला बचावपटू शिमोन नेमेत्स यांना घेतले. सुरुवात वाईट झाली: फिनलंडकडून ६-२ आणि स्वीडनकडून ४-१ असा पराभव. फिनलंडविरुद्धचे दोन्ही गोल स्लाफकोव्स्कीचे होते. पुढे लाटव्हिया आणि जर्मनी यांना नमवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि अमेरिकेविरुद्ध एका गोलाने मागे असताना, शेवटच्या मिनिटात, गोलरक्षकाला बाहेर बोलावून सहावा खेळाडू उतरवल्यावर मारेक ह्रिविकने बरोबरी साधली. पेनल्टी शॉटवर सामना जिंकला. उपांत्य फेरीत फिनलंडने २-० असे रोखले, पण कांस्यपदकाच्या सामन्यात ज्या स्वीडनकडून आधी हार पत्करली होती, त्याच स्वीडनला ४-० असे हरवून स्लोव्हाकियाने ऑलिंपिक हॉकीतले आपले पहिले पदक मिळवले. सात गोल करणारा स्लाफकोव्स्की स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या जुलैत मॉन्ट्रिऑल येथे झालेल्या एनएचएलच्या निवडीत (ड्राफ्ट, ज्यात संघ नवे तरुण खेळाडू क्रमाने निवडतात) पहिले नाव त्याचे आणि दुसरे नेमेत्सचे पुकारले गेले.

हे सारे निकाल तुला कोणत्याही संकेतस्थळावर मिळतील. मला त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती दोन्ही मुले रॅमसेंनी घडवली नव्हती. स्लाफकोव्स्की किशोरवयातच परदेशी गेला होता आणि तेव्हा फिनलंडच्या तुर्कू शहरातील टीपीएस या क्लबकडून खेळत होता. नेमेत्स देशातच, नित्राच्या संघात मोठ्यांबरोबर खेळून तयार झाला होता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते नोव्हेंबरातली, फेब्रुवारीतली थोड्या दिवसांची शिबिरे आणि वर्षाची मुख्य स्पर्धा एवढ्यापुरतेच. एवढ्या वेळात कोणाचे स्केटिंग बदलत नाही. त्यांनी केले ते इतकेच की, या देशात जे आधीच होते आणि ज्यावर तिथल्या लोकांचाच भरवसा उरला नव्हता, ते ओळखले, आणि पहिल्या दोन पराभवांनंतरही ते बाजूला काढले नाही. बाहेरून आलेल्या माणसाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. त्याच्या डोळ्यांवर स्थानिक निराशेची आणि जुन्या हिशेबांची सावली नसते. कोणाचा बाप कोणत्या क्लबात होता, कोणत्या मुलाबद्दल गावात काय बोलले जाते, हे त्याला ठाऊक नसते, आणि पहिला हंगामभर तरी ते ठाऊक करून घेण्याची घाई त्याने करू नये.

राल्फ क्रूगर यांचे उदाहरण याला पूरक आहे. विनिपेगमध्ये जर्मन वंशाच्या कुटुंबात जन्मलेला हा माणूस पश्चिम जर्मनीत खेळला, ऑस्ट्रियातील फेल्डकिर्खच्या संघाला त्याने १९९८ मध्ये युरोपियन हॉकी लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि पुढे २०१० पर्यंत स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा वाहिली. स्विस खेळाडू शिस्तीचे, पण मोठ्या देशांसमोर मनाने आधीच हरलेले, असे तेव्हा बोलले जाई. क्रूगर यांनी त्यांच्या शिस्तीला हात लावला नाही. तिच्यावरच सगळा डोलारा उभा केला. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये याच संघाने आदल्या वेळच्या सुवर्णविजेत्या कॅनडाला २-० असे हरवले. गोलरक्षक मार्टिन गेर्बरने ४९ फटके अडवले आणि दोन्ही गोल पॉल डिपिएत्रो याने केले, जो स्वतः ऑन्टारिओत जन्मलेला आणि पुढे स्विस नागरिक झालेला! त्या दिवशी इथे आमच्याकडे कोणाच्या तोंडचे पाणी पळाले होते, ते तुझ्या बाबांना विचार.

आता प्रत्यक्ष बर्फावरचे बोलू. तू ज्या रिंकवर वाढलास, तो सुमारे २६ मीटर रुंद. युरोपातले पुष्कळ जुने रिंक ३० मीटर रुंद आहेत. प्रत्येक बाजूला दोन मीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण खेळाचे गणित तिथेच बदलते. आपल्याकडची ठरलेली चाल, म्हणजे पक (खेळातली रबरी चकती) प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात खोल टाकायचा आणि धावत जाऊन कोपऱ्यात बचावपटूला कोंडायचे, ही रुंद बर्फावर दमवणारी ठरते, कारण तुम्ही पोहोचेपर्यंत त्याला मान वर करून पास देण्याइतकी सवड मिळालेली असते. शिवाय कडेने मारलेले फटके गोलपासून दूर पडतात, म्हणून तिथला बचाव कडेची जागा खुशाल सोडून देतो आणि गोलसमोर दाटी करतो. पक हातात ठेवून मागे वळणे आणि पाचही जणांनी मिळून पुन्हा चाल रचणे, हे कॅनडाच्या प्रेक्षकांना भित्रेपणाचे वाटते. तिथे लहानपणापासून तेच शिकवले जाते, आणि त्यामागे जागेचा पक्का विचार आहे. म्हणून तुझ्या रिंकचे माप आधी विचारून घे आणि मग सरावाची आखणी कर. बीजिंगची स्पर्धा मात्र एनएचएलच्या मापाच्या बर्फावर झाली होती, आणि हल्ली युरोपातही अरुंद रिंक वाढत आहेत. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या खेळाची तयारी मुलांकडून करून घेणे, हे असे काम आहे की ज्यात तुझे कॅनडातले शिक्षण थेट उपयोगी पडेल. गोलसमोरच्या गर्दीत पाय रोवून उभे राहणे, फटक्याला स्टिकचा निसटता स्पर्श देऊन दिशा बदलणे, कडेला सापडलेला पक दोन गड्यांतून सोडवणे, हे जरूर शिकव. पण पहिल्याच आठवड्यात फळ्या मोडून, जुन्या चाली रद्द करून ‘आमच्याकडे असे करतात’ म्हणू लागलास, तर पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरून मिसळणाचा डबा नव्याने लावायला घ्यावा, तसे ते दिसेल.

सरावाचे प्रमाणही वेगळे असेल. ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगमध्ये एका संघाला नियमित हंगामात ६८ सामने खेळावे लागतात, त्यामुळे इथला प्रशिक्षक दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डागडुजी करतो. तिथे मुलांच्या वाट्याला सामने कमी आणि सराव अधिक येतो. तुला हे सुरुवातीला कंटाळवाणे वाटेल. माझ्या मते शिकवणाऱ्यासाठी ही चैन आहे.

भाषेबद्दल तू काहीच लिहिले नाहीस, याचे नवल वाटले. रॅमसेंचे काम इंग्रजी आणि सोबतचे स्लोव्हाक सहायक यांच्यावर निभावले, कारण त्यांचे बहुतेक खेळाडू परदेशांत खेळलेले होते. तुझ्यासमोर १६-१७ वर्षांची शाळकरी मुले असतील. त्यांना इंग्रजी कळेलही, पण रागावलेल्या, घाबरलेल्या किंवा दुखापत लपवणाऱ्या मुलाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलता आले नाहीत, तर तो तुझ्यापाशी येणार नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि वर्गात सक्तीची फ्रेंच अशी तारेवरची कसरत करत तू मोठा झालास. चौथी भाषा तुला जड जाऊ नये. खेळाच्या सूचना आधी शीक, व्याकरण नंतर.

शेवटी नोकरीचा भाग. युरोपातील बहुतेक लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत जाण्याची धास्ती असते, आणि सलग काही सामने हरले की पहिला बळी प्रशिक्षकाचा जातो. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याने आणलेला सहायकही जातो. तुला बोलावणारा मुख्य प्रशिक्षक स्वतः परदेशी असेल, तर हे अधिकच लक्षात ठेव. म्हणून तुझा करार क्लबशी आहे की त्या माणसाच्या भरवशावर आहे, हे स्पष्ट करून घे. पगाराचा आकडा करापूर्वीचा की करानंतरचा, राहण्याची जागा आणि गाडी करारात लिहिली आहे की केवळ तोंडी सांगितली आहे, आरोग्यविमा कोण भरणार, मुदतीपूर्वी काढल्यास किती महिन्यांचे वेतन मिळणार, हे चार प्रश्न लाज न बाळगता विचार. कॅनडाच्या पासपोर्टवर शेंगेन देशांत (स्लोव्हाकियासह युरोपातील सामायिक व्हिसाक्षेत्रात) १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, पण त्यात नोकरी बसत नाही. परवान्याची कागदपत्रे हातात आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नकोस. हॉकी कॅनडाचे हाय परफॉर्मन्स प्रशिक्षण तू पूर्ण केले आहेस, त्याचे प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाचा तपशील सोबत ने. तिथल्या संघटनेने त्याला कोणत्या पातळीची मान्यता द्यायची, हे ठरवायला तो लागेल.

कराराचा मसुदा आला की मला पाठव. आपल्या ओळखीचे एक वकील असे करार वाचत आले आहेत आणि सही करण्यापूर्वी त्यांच्याशी तासभर बोललास, तर बरे होईल. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका