बी डबीत ठेवू नकोस

चि. पोरी,

काल तुझा फोन ठेवला, आधी हसले आणि मग चिडले. तुझ्या लुइशियाला, त्या दगडांतल्या डोंगरी फुलझाडाला, पहिल्यांदाच बी धरलं, एकवीस बिया हाती लागल्या, आणि तू विचारतेस, "काकू, आपल्या बागवाल्या गटाच्या बी-वाटपात आत्ताच देऊ, की माझी रोपं नीट उभी राहिल्यावर?"

आत्ता दे. दहा तरी दे. आणि "मी नवीन, माझ्या बियांना कोण विचारतंय" हे माझ्यापुढे पुन्हा बोलू नकोस. पाकिटावर नाव नीट लिहिलंस की झालं.

मी साताऱ्याची. कासच्या सड्यावर कातळावरच्या चार बोटं मातीत फुलणारी फुलं बघतच वाढले. म्हणून इथे अमेरिकेत कनेटिकटला ह्यांनी अंगणात दगड रचायला घेतले तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते इथल्याच फॉल्स व्हिलेज गावच्या फॉस्टर नवराबायकोचं. ओढ्याकाठची त्यांची बाग, नाव मिलस्ट्रीम. 1968 साली लिंकन फॉस्टरांचं रॉक गार्डनिंगवरचं, म्हणजे दगडांत डोंगरी रोपं लावण्यावरचं, पुस्तक आलं, त्यातली चित्रं बायकोनं, टिमीनं काढलेली. पण मला पुस्तकाहून मोठा वाटतो तो त्यांचा 'मिलस्ट्रीम' फ्लॉक्स, जमिनीलगत पसरणारं फुलझाड. गुलाबी फूल, मध्ये पांढरं कडं, त्यात लाल चांदणी. उगम त्यांच्या बागेतला, आणि आज कुणाकुणाच्या दगडांत पसरलाय बघ!

ह्यांनी त्याच्या फांद्या कापून गटातल्या दिसेल त्याच्या हातात कोंबल्या. मी कुरकुरले. पुढे एका कोरड्या उन्हाळ्यात आमचा सगळा वाफा जळाला, आणि सप्टेंबरात एक बाई दह्याच्या रिकाम्या डब्यात आमचाच फ्लॉक्स लावून दारात उभी.

आता माझी गोष्ट ऐक. ट्वीडीची लुइशिया, वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची डोंगरांतली, जर्दाळूच्या रंगाची. बियांपासून चार वर्षं सांभाळली. बी धरलं ते फिल्मच्या डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. चिकूपणा नव्हता हं! वाटायचं, आपली आधी खात्री होऊ दे, उगाच कुणाला पोचट बी कशाला द्यायचं. हे म्हणायचे, देऊन टाक. मी म्हणायची, तुम्हाला काय कळतंय.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं, पाणी मुळाच्या मानेशी साचलं आणि झाड कुजलं. (थंडीनं नाही मरत ती, ओलीनं मरते. तुझ्या वाफ्यात खडी किती आहे ते परत बघ.) डबी उघडली तर बियांना बुरशी, नीट वाळवायच्या आधीच झाकण लावलं होतं मी. गटात विचारलं, कुणाकडे आहे का? कुणाकडे असणार? मी कुणाला दिलंच नव्हतं.

अजूनही मला वाटतं, खात्री करून द्यावं यात चूक काही नाही. पण तू तसं करू नकोस. दहा बिया वाटपात दे, उरलेल्या कुंडीत पेर, वर बारीक खडी पसर आणि डिसेंबरात कुंडी बाहेर बर्फात ठेव. थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवायच्या नाहीत. वर जाळी घाल, खारी उकरतात.

हे आतून ओरडतायत, चहाची गाळणी कुठाय म्हणून. सकाळी बी चाळायला त्यांनीच नेली होती. रविवारी ये. बी कागदात बांधून आण, डबीत नको. पाकिटं माझ्याकडे आहेत.

तुझी काकू