कंपनीचा फोन अन् घरचं व्हॉट्सअ‍ॅप

भो, जळगावला नोकरी लागली, कंपनीनं फोन दिला, भारीच. पण त्यात घरचं व्हॉट्सअ‍ॅप टाकू नको. एन्क्रिप्शन, म्हणजे दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून मेसेजला लावलेलं कुलूप, असतं रे, पण ते मेसेज जाता-येताना, फोनच दुसऱ्याचा असला तर काय उपयोग. आयटीवाले एमडीएम, म्हणजे कंपनीचे फोन लांबूनच सांभाळायचं सॉफ्टवेअर, टाकून देतात, त्यात कोणते अ‍ॅप आहेत ते दिसतं, अन् नोकरी सोडली की बसल्या जागेवरून फोन पुसून टाकतात, माझे भरीत पार्टीचे फोटो, बायकोचे मेसेज सगळे तसेच गेले, बॅकअपच नव्हता ना. सिम पण कंपनीचं असलं तर तो नंबर उद्या दुसऱ्याला देतील. साधा सेकंडहँड फोन घे अन् स्वतःचं सिम टाक. अन् ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू ठेवून चहाला जातो ना, ते आजच लॉगआऊट कर.