अर्धा अधिक एक तृतीयांश

प्रश्न : सहावीची मुलं १/२ + १/३ = २/५ लिहितात. समच्छेदाचा नियम कितीदा सांगितला तरी तीच चूक. काय करावं?

उत्तर : मुलं अंश आणि छेद या दोन सुट्या संख्या समजतात. म्हणून नियम पुन्हा सांगण्याआधी एवढंच विचारा : २/५ अर्ध्याहून मोठे की लहान? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे मुलांना स्वतःलाच खटकू द्या. घाई करू नका.

मग प्रत्येकाला १२ सेमी लांबीच्या तीन कागदी पट्ट्या द्या. एक अखंड ठेवायची. दुसरीचा अर्धा भाग (६ सेमी) आणि तिसरीचा तिसरा भाग (४ सेमी) कापून अखंड पट्टीवर शेजारी ठेवायचे. दोन्ही तुकडे नेमके मोजणारा सर्वांत मोठा तुकडा कोणता? २ सेमीचा. अखंड पट्टीत तो सहा वेळा बसतो. अर्ध्या भागात तो ३ वेळा आणि तिसऱ्या भागात २ वेळा, मिळून पाच, म्हणजे ५/६. २ आणि ३ चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य), म्हणजे ६, इथे हातात येतो, शब्द नंतर सांगा.

तिसरा भाग घडी घालून काढू नका, हमखास चुकतो; मोजपट्टीने खूण करा. पोळीचं चित्रही टाळा, वर्तुळाचे तीन समान भाग मुलांना जमत नाहीत. १/४ + १/५ साठी पट्टी २० सेमीची घ्या.