राऊटर बदलण्याआधी पॉवर रीडिंग मागा

फायबर नेटच्या डबीवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा मध्येच लागतो, नेट जातं, काही वेळाने आपोआप येतं आणि कंपनी म्हणते राऊटर बदला. तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना त्रास आठवला.

रीस्टार्ट वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो. लाल दिवा म्हणजे फायबर वायरमधून डेटा आणणारा प्रकाशच पुरेसा पोचत नाहीये, वायफायचा त्यात काही संबंध नाही. आमच्या तक्रार केंद्रानेही राऊटर बदलून दिला आणि 'निवारण झाले' म्हणून तक्रार बंद केली. पुन्हा फोन केला की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. नेट बंद असण्यापेक्षा याचा मनस्ताप जास्त झाला. प्रकाश मोजायचा मीटर लावून बघा, एवढंच मागत होतो हो!

शेवटी एका लाइनमनने लावला: उणे २८ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी). जीपॉन म्हणजे घरोघरी फायबर नेट देण्याची पद्धत, तिच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात घरच्या डबीची मर्यादा उणे २७ असते. मग त्याने लाल लेझर सोडला, तर सरकत्या खिडकीच्या फटीतून आणलेली पांढरी पॅचकॉर्ड (डबीला जोडायची फायबर वायर) वाकाजवळ लाल उजळली. खिडकी घट्ट लावली की ती चेपायची. वायर मोकळी केल्यावर रीडिंग उणे २०. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे फरक सहापटीहून जास्त.

मी इंजिनिअर नाही, पण मला समजलंय ते असं. वायरमधल्या काचेच्या तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, आवरण धरून १२५. दोघांच्या अपवर्तनांकात अर्ध्या टक्क्याचाही फरक नसतो. त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तनाने आत राहतो तो फक्त जवळजवळ सरळ जाणारा प्रकाश. तीव्र वाक आला की तो आवरणात निसटतो. तरंगलांबी जास्त तशी ही गळतीही जास्त. आपल्याकडे येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर असतो आणि जाणारा १३१० वर, म्हणून वाकाचा फटका आधी डाउनलोडला बसतो.

तुमच्याकडेही वाकच असेल असं छातीठोकपणे नाही सांगत. जोड मळला असेल, बाहेरचा स्प्लिटर (एका वायरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) बिघडला असेल. पण रीडिंग घेतल्याशिवाय राऊटरचे पैसे अजिबात देऊ नका, आणि तो आकडा तक्रारीत लिहून घ्या. वायर बदलायची वेळ आली तर जी.६५७ प्रकारची मागा, ती वाक जास्त सोसते.

आणखी एक, हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू देऊ नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, मध्ये फट राहते. वायरच्या उघड्या टोकात डोकावूही नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.